पालिकेची नवी इमारत: शेजाऱ्यांना काय सांगायचं, कधी आणि कोणी?

कोरा_कागद (धागाकर्ती)

एका छोट्या नगरपालिकेत नोकरी करते. अभियंता नाही, वास्तुविशारदही नाही. "लोकांशी बोलून घ्या" असा शेरा मारलेल्या फायली ज्यांच्या टेबलावर येऊन पडतात, त्यांतली मी. सध्या अशीच एक फाइल आली आहे. पालिकेची नवी इमारत होणार आहे: तळघरात वाहनतळ, खाली नागरी सुविधा केंद्र, वर वाचनालय आणि एक सभागृह. जागा पालिकेच्याच मालकीची, बरीच वर्षं मोकळी पडलेली. तीन बाजूंना राहती घरं, चौथ्या बाजूला रस्ता. आराखडा बराचसा तयार आहे, निविदा अजून निघालेली नाही.

वरून सूचना अशी: पत्रकं वाटा, एक सभा घ्या, जागेवर फलक लावा, झालं. मला हे पुरेसं वाटत नाही. पण वरिष्ठांनी "मग अजून काय करायचं?" असं विचारलं, तर सांगायला माझ्याकडे धड काही नाही. म्हणून हा धागा.

लोकांशी बोलायला कधी सुरुवात करावी? एक सभा पुरते का? ज्या गोष्टी आम्हालाच अजून माहीत नाहीत त्यांबद्दल काय बोलायचं? आणि बोलायचं कोणी: अभियंत्याने, लोकप्रतिनिधीने, की माझ्यासारखीने? अशा कामाच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला राहिलेल्या सगळ्यांनी लिहा. टीकाही चालेल.

वाकडे_बोट

आराखडा तयार, जागा ठरलेली, मजले ठरलेले. मग आता लोकांना विचारणार काय? रंग?

निवांत

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

कोरा_कागद

@वाकडे_बोट, टोमणा रास्त आहे. जागा आणि मजले ठरलेले आहेत, ते मी लपवणार नाही. पण बरंच ठरायचंही आहे. वाहनतळाचं प्रवेशद्वार कोणत्या बाजूला घ्यायचं, कामाच्या वेळा काय, कडेची झाडं कशी वाचवायची, रात्री सभागृह किती वाजेपर्यंत चालू ठेवायचं, मागच्या बाजूने पायवाट ठेवायची की नाही.

रानवारा

कोरा_कागद, तुम्ही आत्ता वाकडे_बोट यांना जे उत्तर दिलंत तेच तुमच्या पत्रकाचं पहिलं पान. मी गंभीरपणे म्हणतेय. मी बरीच वर्षं अशा सभा चालवण्याचं काम केलं आहे. लोकांचा संताप बहुतेकदा इमारतीवर नसतो. आधीच ठरलेली गोष्ट "तुमचं मत महत्त्वाचं आहे" म्हणून पुढे केली की तो उसळतो. म्हणून पहिल्याच दिवशी तीन रकाने करा. काय ठरलं आहे आणि का. काय अजून ठरायचं आहे आणि कधीपर्यंत. आणि काय पालिकेच्या हातातच नाही (उदा. अग्निशमनाचे नियम, वीज कंपनीचं वेळापत्रक). तिसरा रकाना बहुतेक जण विसरतात. मग सभेचा निम्मा वेळ ज्या गोष्टी कोणीच बदलू शकत नाही त्यांवर जातो.

ज्यांना कायद्याची भाषा आवडते त्यांच्यासाठी: इंग्लंडमध्ये १९८५ साली लंडनच्या ब्रेंट भागातल्या शाळांविषयीचा एक खटला झाला, गनिंग या नावाने ओळखला जातो. त्यातून सल्लामसलतीच्या चार कसोट्या निघाल्या. प्रस्ताव घडत असतानाच विचारलं पाहिजे. लोकांना नीट विचार करता येईल इतकी कारणं आणि माहिती दिली पाहिजे. उत्तर द्यायला पुरेसा वेळ दिला पाहिजे. आणि आलेलं उत्तर निर्णय घेताना मनापासून विचारात घेतलं पाहिजे. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केलं. आपल्याकडे त्या लागू असोत-नसोत, स्वतःच्या योजनेला लावून बघायला छान आहेत. तुमच्या बाबतीत पहिली कसोटी इमारतीला लावली तर तुम्ही नापास, प्रवेशद्वाराला लावली तर पास. म्हणून विचारा प्रवेशद्वाराबद्दलच. "इमारत हवी का?" हे आता विचारू नका, कारण "नको" हे उत्तर तुम्ही ऐकणार नाही आहात.

नुसती माहिती देणं यात कमीपणा काहीच नाही. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात "माहिती देणं" तिसऱ्या पायरीवर आहे आणि "सल्ला घेणं" चौथ्या. तळाच्या दोन पायऱ्यांना तर त्या सहभाग मानतच नाहीत. तिसरीवर उभं राहून "आम्ही तिसरीवर आहोत" म्हणणारी पालिका मला चालते. तिसरीवर उभं राहून सातवीवरचे फोटो काढणारी नाही.

वाकडे_बोट

"सातवीवरचे फोटो" ला +१. बाकी माझा संशय कायम, पण रकाने छापलेत तर वाचीन.

काटकोन

मी वास्तुविशारद, त्यामुळे चित्रांपुरतं बोलतो.

साध्या माणसाला नकाशा वाचता येत नाही. यात त्याचा दोष नाही, आम्हाला तो शिकायला वर्षं लागतात. म्हणून आम्ही संगणकावरची रंगीत चित्रं दाखवतो, आणि तिथे खरी गडबड होते. ते चित्र पक्ष्याच्या नजरेतून काढलेलं असतं. त्यात झाडं वीस वर्षांची, आकाश निळंभोर आणि शेजारच्या इमारती पुसून टाकलेल्या. ज्या बाईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर भिंत येणार आहे तिला त्यात स्वतःची खिडकीच सापडत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे कळत नाही असं नाही. चित्र विकायला काढलेलं असतं, समजवायला नाही.

तुमच्या वास्तुविशारदाकडे तीन गोष्टी मागा. एक, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, ठरावीक जागांवरून काढलेली दृश्यं, आणि त्या जागा लोकांना निवडू द्या. दोन, सावलीचा अभ्यास. वर्षातला सगळ्यात लहान दिवस (उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबर) घेऊन सकाळ, दुपार, संध्याकाळची सावली दाखवायची, कारण तेव्हा ती सगळ्यात लांब पडते. सोयीचा म्हणून जूनचा दिवस घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. तीन, साधं पुठ्ठ्याचं मॉडेल, शेजारच्या घरांसकट. चकचकीत नको. चकचकीत मॉडेल पाहिलं की लोकांना वाटतं सगळं ठरलंय.

स्वित्झर्लंडमध्ये याहून थेट पद्धत आहे. नवीन बांधकामाची परवानगी मागताना त्या जागेवर खांब उभे करावे लागतात. इमारत जितकी उंच, तितके उंच. वर आडव्या पट्ट्या लावून छताचा उतारही दाखवतात. परवानगीची मुदत चालू असेपर्यंत ते तिथेच राहतात. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही मान वर करून कळतं की इथे काय येणार आहे. नकाशा नको, भाषण नको. आपल्याला खांब झेपले नाहीत तरी जमिनीवर फक्कीने बाह्यरेषा आखता येते आणि दोन कोपऱ्यांवर उंचीचे बांबू बांधता येतात. याला फारसा खर्च नाही.

निवांत

बांबूची कल्पना फार आवडली. पण उंची बघून विरोध वाढला तर?

काटकोन

वाढेल कदाचित. पण तो विरोध खऱ्या उंचीला असेल. आत्ता लोकांच्या डोक्यात जी उंची आहे ती बहुतेकदा खऱ्यापेक्षा जास्तच असते, कारण ती ऐकीव असते.

तिसरा_मजला

मी कुंपणाच्या दुसऱ्या बाजूची. घराशेजारी एक सार्वजनिक इमारत उभी राहताना पाहिली आहे, पायापासून शेवटच्या रंगाच्या हातापर्यंत. कुठली ते सांगत नाही.

वर चाललेली चर्चा वाचून एक म्हणावंसं वाटतं. इमारत दिसायला कशी आहे यात मला फार थोड्या दिवसांपुरता रस होता. बाकी सगळा काळ माझे प्रश्न असे होते: आज पाणी जाणार आहे का? खडीचे ट्रक आमच्या फाटकासमोर का थांबतात? धूळ बसू नये म्हणून पाणी मारणार होते, ते कोण मारतं? रात्री अकरा वाजता हे मिक्सर का गुरगुरतंय आणि आणखी किती वेळ?

फलक होता. त्यावर कामाचं नाव, मंजुरीचा ठराव क्रमांक, कंत्राटदाराचं नाव, सगळं होतं. फोन क्रमांकही होता, तो कार्यालयाच्या वेळेतच उचलला जायचा. त्रास व्हायचा तो कार्यालय बंद झाल्यावर.

मग एक नवीन साइट इंजिनिअर आले. तरुण होते, स्वभावाने अबोल. त्यांनी कोणाला न विचारता सगळ्या इमारतींच्या प्रतिनिधींचा एक व्हॉट्सॲप गट केला आणि रोज संध्याकाळी दोन ओळी टाकायला लागले. "उद्या सकाळी आठ ते दुपारी एक खोदकाम, आवाज होईल. दुपारनंतर शांत." एवढंच. आवाज तोच होता, धूळ तीच होती, पण भांडणं निम्म्याने कमी झाली. कारण उद्या सकाळी बाळाला आजीकडे न्यायचं की नाही हे आम्हाला ठरवता यायला लागलं. एकदा त्यांनी लिहिलं, "उद्याचं काम रद्द, क्रेन आली नाही." त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा माणूस खरं बोलतो.

ओळंबा

तिसरा_मजला यांच्या मिक्सरच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण साइटवर हा वाद रोजचा.

काँक्रीट ओतायला घेतलं की मधेच थांबवता येत नाही. आधीचा थर घट्ट व्हायला लागल्यावर त्यावर नवा थर टाकला तर दोन्ही एकजीव होत नाहीत, तिथे सांधा राहतो. त्याला आम्ही कोल्ड जॉइंट म्हणतो. तळघराच्या तळाशी असा सांधा म्हणजे पुढे पाणी झिरपायला आमंत्रण. त्यामुळे तळघराची राफ्ट (तळभर पसरलेला पायाचा सलग थर) भरताना काम सकाळी सुरू होऊन रात्र उलटेपर्यंत चालू शकतं. "संध्याकाळी सहाला काम बंद" असं पत्रकात सरसकट लिहिलं की तुम्ही पहिल्याच मोठ्या काँक्रीटला खोटे ठरता. त्यापेक्षा असं लिहा: रोज सहाला बंद, मात्र काही ठरावीक रात्री काँक्रीट चालेल, त्याची सूचना आधी मिळेल आणि त्याचं कारण हे.

आता हादऱ्यांबद्दल. सगळ्यात कडवट भांडण इथेच होतं, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजू खरं बोलत असतात. हादरा मोजायचा तो जमिनीच्या कणांच्या वेगात, मिलिमीटर प्रति सेकंद. ब्रिटिश मानक बीएस ५२२८ च्या दुसऱ्या भागात एक छोटा तक्ता आहे. त्यानुसार राहत्या घरात ०.३ च्या आसपास हादरा जेमतेम जाणवायला लागतो. १ ला तक्रारी येण्याची शक्यता धरायची. १० ला अगदी थोड्या वेळापलीकडे सोसवत नाही. आणि जर्मन मानक डीआयएन ४१५०-३ राहत्या घरांना नुकसान होऊ नये म्हणून पायाशी, कमी वारंवारतेच्या हादऱ्यांना, ५ ची मर्यादा घालतं. म्हणजे माणसाला कळायला लागतं ०.३ ला आणि घराची काळजी करायची ५ ला. मधल्या सगळ्या पट्ट्यात कपाटातल्या बश्या वाजतात, माणूस घाबरतो, भिंतीला मात्र काही होत नाही. "घर हलतंय" म्हणणारी आजी खोटं बोलत नाही आणि "काही होत नाही" म्हणणारा इंजिनिअरही. फक्त दोघांना एकमेकांचा आकडा माहीत नसतो.

त्या ब्रिटिश तक्त्यात १ च्या पुढे एक वाक्य आहे, आशय असा: तक्रारी होतील, पण रहिवाशांना आधी सूचना आणि स्पष्टीकरण दिलेलं असेल तर हे सहन होऊ शकतं. तांत्रिक मानकात, आकड्यांच्या शेजारी, लोकांशी बोलण्याचा उल्लेख! धागाकर्तीने हे वरिष्ठांना दाखवावं. लोकसंपर्क म्हणजे शोभेचं काम असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एवढं पुरे.

बाकी भराभर सांगतो. पाइल (पायाचे जमिनीत खोल जाणारे खांब) ठोकून बसवण्यापेक्षा भोक पाडून ओतल्या तर हादरे बरेच कमी. मागे येणाऱ्या ट्रकच्या "टीं टीं टीं" ऐवजी खरखर आवाजाचा भोंगा मिळतो, तो जवळ ऐकू येतो आणि लांबवर त्रास देत नाही. तळघरासाठी जमिनीतलं पाणी उपसणार असाल तर शेजारच्या घरांच्या पायावर त्याचा काय परिणाम होईल हे सल्लागाराकडून लेखी घ्या. आणि खोदकामाआधी शेजारच्या प्रत्येक घराची पाहणी करा: असलेल्या तड्यांचे फोटो, मोजमापं, तारखेसह. मोठ्या तड्यांवर, ते वाढतात का हे कळायला, मोजपट्ट्या लावा.

वाकडे_बोट

पाहणी होते हो. फोटो फायलीत जातात, फाइल कपाटात. तडा पडला की "हा आधीचाच". आमच्याकडे पुरावा काय?

ओळंबा

बरोबर. म्हणून पाहणीची प्रत त्याच आठवड्यात घरमालकाच्या हातात पडली पाहिजे, दोघांच्या सह्यांसकट. प्रत दिली नाही तर ती पाहणी फक्त पालिकेच्या बचावाची.

आणि हे सगळं निविदेत घाला! हा माझा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आधीच लिहायला हवा होता. हादरे मोजायची यंत्रं, पाहणी, खरखर भोंगे, ट्रक थांबायची जागा, धुळीसाठी पाणी, रात्रीचा फोन उचलणारा माणूस, रोजचा निरोप: या प्रत्येकाला पैसे लागतात. निविदेत नसेल तर कार्यादेश दिल्यावर कंत्राटदार म्हणेल "जादा काम, जादा दर", किंवा हो म्हणेल आणि करणार नाही. सभेत लोकांना शब्द द्यायचा आणि करारात त्याचा पत्ता नाही, हे मी फार पाहिलंय. कोरा_कागद, तुमची निविदा निघालेली नाही म्हणता, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. रहिवाशांशी पहिली बैठक निविदेच्या आधी घ्या, नंतर नको.

कोरा_कागद

हे डोक्यातच आलं नव्हतं. मी निविदा म्हणजे दुसऱ्या विभागाचं काम असं धरून चालले होते. उद्याच त्यांच्याशी बोलते. दंडवत.

जुना_जावक

निवृत्त माणूस आहे, आयुष्य अशाच कार्यालयांत गेलं. इतका वेळ सगळे एकाच दिशेने बोलत आहेत, म्हणून थोडं उलटं लिहितो.

ताई, उत्साहाच्या भरात तारखा आणि खर्च सांगत सुटू नका. एकदा तोंडातून आकडा गेला की तो परत येत नाही. स्कॉटलंडच्या संसद भवनाचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये सांगितलेला अंदाज होता १ ते ४ कोटी पौंड. इमारत पूर्ण झाली २००४ मध्ये, तीन वर्षं उशिरा, आणि खर्च झाला ४१ कोटी ४० लाख पौंड. चौकशी बसली, लॉर्ड फ्रेझर यांनी अहवाल दिला. मधल्या काळात इमारतीचा आकार बदलला, आराखडा बदलला, सुरक्षेच्या गरजा वाढल्या. पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत तो पहिला आकडाच. कच्चा अंदाज लोकांपुढे ठेवायचाच नसतो. काम चालू झालं की कळेल म्हणावं.

दुसरं, लेखी जितकं कमी तितकं बरं. लेखी दिलेलं आश्वासन उद्या लेखापरीक्षणात आणि परवा न्यायालयात उभं राहतं.

रानवारा

जावक काका, उदाहरण तुमचं, पण मला त्यातून उलटं दिसतं. चूक आकडा सांगण्यात नव्हती. जागा आणि आराखडा ठरायच्या आधीचा आकडा कशाचा आहे, कशाचा नाही, हे त्याच्या सोबत गेलं नाही. आकडा सांगायचाच नाही असं ठरवलं तर लोक स्वतःचा आकडा तयार करतात, आणि तो नेहमी तुमच्यापेक्षा मोठा असतो. त्यापेक्षा पल्ला सांगा, तो कोणत्या टप्प्यावरचा अंदाज आहे ते सांगा, आणि काय घडलं तर तो बदलेल ते सांगा. तारखांचंही तेच. "अमुक महिन्यात पूर्ण" नको. "खोदकाम संपल्यावर पुढची तारीख सांगू, आणि ती कळायचा दिवस हा" असं सांगा. माहीत नसलेली गोष्ट कधी माहीत होईल हे सांगता येतं. धाग्यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच.

लेखीबद्दल मात्र ठाम असहमत. सभेचं इतिवृत्त लिहून सगळ्यांना दिलं नाही तर प्रत्येकाची सभा वेगळी झालेली असते.

जुना_जावक

इतिवृत्ताला माझा विरोध नाही, आश्वासनाला आहे. "प्रयत्न केला जाईल" असं लिहा.

वाकडे_बोट

"प्रयत्न केला जाईल" वाचलं की आम्ही समजतो, होणार नाही. तुमच्या पिढीने या वाक्याचं पार पोतेरं केलंय काका, राग मानू नका.

जुना_जावक

राग नाही. खरंय ते. पण ज्याच्यावर जबाबदारी येते तो खालचा कारकून असतो, सभेत शब्द देणारा नव्हे. ते लक्षात घेऊन कोण काय शब्द देऊ शकतो हे तरी आधी ठरवा. सभेत साहेब उत्साहात "झाडाला हात लावू देणार नाही" म्हणतात आणि नकाशात झाड बरोबर वाहनतळाच्या उताराच्या तोंडाशी असतं.

रानवारा

याला मात्र पूर्ण सहमत. बोलायचं कोणी, याचंही उत्तर त्यातच आलं. वेळा आणि हादऱ्यांवर अभियंत्याने बोलावं, "का बांधतोय" यावर लोकप्रतिनिधीने, आणि बाकी सगळ्याला रोजचा चेहरा एकच असावा. तो कोरा_कागद यांचा असला तर उत्तम, पण मग साइटवरची खबर त्यांना आधी कळली पाहिजे, रहिवाशांच्या फोनवरून नाही.

वाचनमात्र

बरेच दिवसांनी लॉगिन केलं. भाडेकरूंचं काय? आमच्या इमारतीत सूचना सचिवांकडे येते, तिथून मालकांना जाते, मालक दुसऱ्या शहरात. आम्ही तिथे राहतो, धूळ आम्ही खाणार, आणि कळतं सगळ्यात शेवटी. मी रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो, म्हणजे "कामाच्या वेळा दिवसाच्या" हा दिलासा माझ्यासाठी नाहीच.

रानवारा

फार महत्त्वाचं. अमेरिकेत बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अनेक शहरांच्या घरबांधणीविषयक सभांची इतिवृत्तं तपासली आणि बोलणाऱ्यांची नावं मतदार यादीशी ताडून पाहिली. सभेत बोलणारे लोक एकूण लोकसंख्येपेक्षा वयाने मोठे, जास्त करून पुरुष, जुने रहिवासी आणि स्वतःच्या घराचे मालक निघाले. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सभेत जे ऐकू येतं ते वस्तीचं मत असतंच असं नाही. ज्यांना सभेला येणं परवडतं त्यांचं ते मत.

उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. दार वाजवा. कुंपणाला लागून असलेल्या घरांत प्रत्येक दाराशी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. मालक की भाडेकरू हे विचारायचंच नाही. घरात आजारी माणूस, तान्हं बाळ, रात्रपाळीवाला, परीक्षेला बसलेलं मूल आहे का ते विचारा. वाचनमात्र यांच्यासाठी दिवस बदलता येणार नाही, पण सगळ्यात मोठ्या आवाजाचे दिवस आधी कळले तर त्यांना झोपायची दुसरीकडे सोय करता येईल.

तिसरा_मजला

सभेच्या मांडणीबद्दल. व्यासपीठ, खुर्च्यांच्या रांगा आणि एकच माइक असेल तर तो माइक जो पकडतो तो सोडत नाही. त्यापेक्षा टेबलं मांडा: एकावर वाहतूक, एकावर कामाच्या वेळा, एकावर झाडं. जिथे ज्याचा प्रश्न तिथे त्याने बसावं. मला सगळ्यांसमोर बोलायचा धीर होत नाही, टेबलाशी होतो.

काटकोन

यावर थोडा वेगळा अनुभव. टेबलं मांडली की काही लोकांना वाटतं, आपल्याला मुद्दाम विखुरलंय, म्हणजे एकमेकांचं ऐकू नये. आणि तो संशय नेहमीच खोटा नसतो! शेजाऱ्याने काय विचारलं आणि त्याला काय उत्तर मिळालं हे ऐकणं हासुद्धा लोकांचा हक्क आहे. आम्ही आधी टेबलं ठेवायचो आणि शेवटचा अर्धा तास सगळे एकत्र. टेबलांवरचे प्रश्न चिठ्ठीवरून मोठ्याने वाचायचे, उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं. बुजऱ्यांचे प्रश्नही येतात आणि लपवाछपवीही वाटत नाही.

निवांत

अवांतर: इमारतीचं नाव लोकांकडून मागवा की. सहभाग वाढेल.

वाकडे_बोट

ब्रिटनमध्ये २०१६ साली संशोधन जहाजाचं नाव लोकांकडून मागवलं होतं. मतं सगळ्यात जास्त मिळाली "बोटी मॅकबोटफेस" ला. सरकारने जहाजाला सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलं आणि ते निवडून आलेलं नाव जहाजावरच्या छोट्या पाणबुडीला. हसून घ्या, पण रानवारा म्हणतात तेच आहे: जे उत्तर पाळणार नाही ते विचारू नये.

जुना_जावक

बोलायला कधी सुरुवात करावी, यावर एक राहिलंच. नियमाप्रमाणे सूचना काढली, हरकती मागवल्या, कोणी आलं नाही, म्हणून लोकांना मान्य आहे असं धरायचं नाही. जर्मनीत स्टुटगार्टच्या रेल्वे स्थानकाचा प्रकल्प १९९४ मध्ये जाहीर झाला. कायद्याने लागणाऱ्या सुनावण्या, खटले, मंजुऱ्या सगळं झालं. २०१० मध्ये काम सुरू झालं, बागेतली झाडं तोडायला यंत्रं आली, आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, माणसं जखमी झाली. मग हायनर गाइसलर या ज्येष्ठ नेत्याला मध्यस्थ नेमून दोन्ही बाजूंची चर्चा टीव्हीवर थेट दाखवली. पुढच्या वर्षी सार्वमत झालं, त्यात बहुमत प्रकल्प चालू ठेवण्याच्या बाजूने पडलं.

आपलं काम त्यापुढे चिमुकलं, पण माणसं तीच. कागदावरच्या इमारतीला कोणी हरकत घेत नाही, खोदयंत्राला घेतात. म्हणून कागदाच्या वेळीही सांगा आणि यंत्र यायच्या आधी पुन्हा सांगा. "आम्ही सूचना काढली होती" हे वाक्य आमच्या काळात फार वापरलं. त्याने कोणाचं समाधान झालेलं मला आठवत नाही.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी झाल्या. निविदा विभागाने रहिवाशांच्या बैठकीसाठी थांबायला होकार दिला (ओळंबा, तुमचा तो तक्ता कामी आला), आणि फक्कीने रेषा आखायची परवानगी मिळाली, बांबूंची अजून नाही. आमच्या कार्यालयातून आलेला पत्रकाचा मसुदा इथे टाकते. फाडा.

"सर्व संबंधित नागरिकांस कळविण्यात येते की, सदर भूखंडावर प्रस्तावित बहुउद्देशीय इमारतीचे बांधकाम लवकरच हाती घेण्यात येणार आहे. सदर कालावधीत होणाऱ्या गैरसोयीबद्दल प्रशासन दिलगीर आहे. तरी नागरिकांनी सहकार्य करावे."

तिसरा_मजला

यात माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. कोणता भूखंड, लवकर म्हणजे कधी, गैरसोय म्हणजे पाणी जाणार की रस्ता बंद होणार, आणि सहकार्य म्हणजे मी नक्की काय करायचं? गाडी हलवायची? खिडक्या लावायच्या? की गप्प बसायचं?

रानवारा

मी असं लिहीन. रिकाम्या जागा तुम्ही भरा.

"तुमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेवर पालिका इमारत बांधणार आहे: तळघरात वाहनतळ, खाली नागरी सुविधा केंद्र, वर वाचनालय आणि सभागृह. जागा आणि उंची ठरलेली आहे, त्याची कारणं मागच्या पानावर आहेत. वाहनतळाचं प्रवेशद्वार, कामाच्या वेळा, झाडं, मागची पायवाट आणि सभागृहाची वेळ अजून ठरलेली नाही. ती तुमच्याशी बोलून ____ तारखेपर्यंत ठरवायची आहे. इमारतीची बाह्यरेषा जागेवर आखली आहे, येऊन पाहा. बैठक ____ रोजी, ____ वाजता. येता येत नसेल तर आम्ही घरी येऊ, या क्रमांकावर कळवा: ____. बैठकीत आलेल्या प्रत्येक सूचनेचं काय झालं, आणि मान्य झाली नसेल तर का, हे ____ तारखेला सगळ्यांना लेखी मिळेल."

जुना_जावक

शेवटचं वाक्य छापायच्या आधी साहेबांची सही घ्या. बाकी मसुदा चांगला आहे. आमच्या काळी असं लिहिलं असतं तर बदली झाली असती.

वाकडे_बोट

"मान्य झाली नसेल तर का" हे खरंच द्याल?

कोरा_कागद

देणार. तक्त्यात चार रकाने केलेत: सूचना, निर्णय, कारण, निर्णय कोणाचा. नाव नाही, पदनाम. शेवटच्या रकान्यावरून कार्यालयात कुरकुर चालू आहे, पण तो काढणार नाही.

ओळंबा

एकच शंका. पत्रकात जो क्रमांक आहे तो काम सुरू झाल्यावर रात्री कोण उचलणार?

कोरा_कागद

काम सुरू होईपर्यंत मी. नंतर कंत्राटदाराचा रात्रपाळीचा अभियंता. निविदेच्या मसुद्यात घातलंय: फोन उचलला नाही तर दंड, आणि आलेल्या प्रत्येक फोनची नोंदवही दर आठवड्याला पालिकेकडे. दंड किती ठेवावा यावर मात्र अडलंय.

ओळंबा

रक्कम छोटी ठेवा, पण दर चुकलेल्या फोनमागे आणि थेट बिलातून कापली जाईल अशी. मोठा दंड कोणी लावतच नाही. कलमाचा मसुदा व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.

वाचनमात्र

ती नोंदवही आम्हालाही बघायला मिळेल का?

कोरा_कागद

तक्रार करणाऱ्यांची नावं झाकून, जागेवरच्या फलकाशेजारी लावायचा विचार आहे. उद्या विचारते.